माळ्यावरचा लॅपटॉप खाली काढा

नमस्कार दादा,

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. मराठीची शिक्षिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कॉम्प्युटरवर नवीन काही आलं की मला राहवत नाही. नवा ब्राउझर, नवा फाँट, फोटो साफ करणारं, स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणारं, काहीही चालतं. घरात कॉम्प्युटर एकच. त्यावरच आमचे 'हे' सोसायटीचा हिशेब आणि पुनर्विकासाची कागदपत्रं ठेवतात, त्यावरच लाइट बिल आणि बँक.

गेल्या महिन्यात आईचे जुने फोटो उजळायचे म्हणून एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरचं 'नवीन व्हर्जन, पूर्ण मोफत' शोधलं आणि पहिल्याच लिंकवरून घेतलं. झिप फाइलला पासवर्ड होता, तो त्या पानावरच दिलेला. 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा' असं लिहिलं होतं, ते मी केलं. सॉफ्टवेअर काही उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मेलवरून ओळखीच्या चाळीसेक जणांना कसलीशी लिंक गेली. माझ्या मेलला ओटीपी आहे, आणि मला एकही ओटीपी आला नव्हता! पैसे गेले नाहीत, एवढं नशीब.

मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. त्याचा जुना लॅपटॉप माळ्यावर पडलाय, पण नवीन काही शिकवायचं नाव नाही. म्हणतो, "आई, जुनं चालतंय ना, मग कशाला उचापती? अपडेटसुद्धा करत जाऊ नकोस." आणि 'ह्यां'नी फर्मान काढलंय की पैसेवालं अँटिव्हायरस आणल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. माझी हौस चुकीची आहे का? अँटिव्हायरस विकत घेऊ का? आणि ओटीपी असून मेल उघडला कसा?

— उचापतखोर, विक्रोळी

---

ताई,

उत्तर नंतर. तुमच्या पत्रात 'फॉरमॅट मारला' हे शब्द कुठे दिसले नाहीत, म्हणून आधी हे ऐका. तो कॉम्प्युटर अजून तसाच चालू असेल तर त्याचं इंटरनेट आत्ताच्या आत्ता तोडा. वायफाय बंद करा, वायर असेल तर उपटा. पुढची सगळी कामं फोनवरून करायची. मेलचा पासवर्ड बदला. मेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा. तिथेच बघा, फॉरवर्डिंगमध्ये कोणी अनोळखी पत्ता घालून ठेवलाय का आणि पासवर्ड विसरल्यावर वापरायचा फोन नंबर तुमचाच आहे का. चोर पुन्हा यायचं असेल तर जाताना खिडकीची कडी काढून ठेवतो. मग बँकेचा पासवर्ड, मग लाइट बिलाचा, मग जिथे जिथे ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का' विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात त्या सगळ्यांचा. हे त्याच कॉम्प्युटरवर बसून केलंत तर नवे पासवर्डही जुन्यांच्या वाटेने जातील.

त्या चाळीस जणांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका, 'लिंक उघडू नका, माझा मेल चोरीला गेला होता.' लाज वाटायचं कारण नाही. बँकेच्या खात्यातून रुपया जरी हलला तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. तिथे तासातासाला फरक पडतो.

मग कॉम्प्युटर पूर्ण पुसायचा. फोटो, वर्डच्या फाइली, सोसायटीच्या एक्सेल, पीडीएफ एवढंच बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. डाउनलोड केलेली सॉफ्टवेअरं, त्यांच्या झिप फाइली, 'नंतर बघू' म्हणून ठेवलेले इन्स्टॉलर, यातलं काहीही बरोबर न्यायचं नाही. मुलाला सांगा, त्याच्या धड कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनव आणि रविवारी येऊन डिस्क कोरी करून नव्याने टाक. अँटिव्हायरसने 'एक धोका काढला' असं हिरवं चिन्ह दाखवलं तरी यावेळी मी त्यावर विसंबणार नाही. एक सापडला म्हणजे एकच होता असं कुणी सांगितलं?

आता ओटीपीचं. हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि मुलाने याचं उत्तर द्यायला हवं होतं.

तुम्ही विक्रोळी स्टेशनला खिडकीवर रांग लावून लोकलचा पास काढता. चौकशी, पैसे, जे काय असेल ते खिडकीवर एकदाच. त्यानंतर महिनाभर रोज कुणी तुम्हाला खिडकीवर पाठवत नाही, टीसीला पास दाखवला की झालं. ओटीपी हा खिडकीवरचा प्रश्न आहे. तो बरोबर दिलात की मेलवाले तुमच्या ब्राउझरला एक पास देतात, त्याला कुकी म्हणतात. म्हणूनच तुम्हाला रोज सकाळी मेल उघडताना ओटीपी विचारत नाहीत. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जे घुसलं, ते बहुधा माहिती चोरणाऱ्या जातीतलं होतं. ते ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि हे पास एका मुठीत उचलतं, मालकाकडे पाठवतं आणि पुष्कळदा स्वतःला पुसूनही टाकतं. पाकीटमाराच्या हाती आयता पास आल्यावर तो खिडकीवर रांग लावायला जाईल कशाला? 'सगळीकडून साइन-आउट करा' हे वर सांगितलं ते याचसाठी. त्याने जुने पास रद्द होतात. नुसता पासवर्ड बदलून ते प्रत्येक ठिकाणी रद्द होतीलच असं नाही.

आणि हो, पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवण्यापेक्षा वहीत लिहून कपाटात ठेवा. आयटीतली मंडळी याला हसतात. हसू देत. कन्नमवार नगरातल्या तुमच्या गोदरेजच्या कपाटापर्यंत परदेशात बसलेला माणूस पोहोचत नाही.

तर मग हौस चुकीची का? तुम्ही केलेल्या चुका मी मोजल्या, तीन आहेत. तिन्हींचा 'नवीन' या शब्दाशी काही संबंध नाही.

झिप फाइलला पासवर्ड, आणि तो पानावरच छापलेला. कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच टांगायची, असं कुणी कशासाठी करेल? ते कुलूप चोरासाठी नाही, पोलिसासाठी आहे. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, ब्राउझरलाही नाही. फाइल तुमच्या हातात येईपर्यंत वाटेतल्या सगळ्या चौक्या तिला तशाच सोडतात. घरात आल्यावर ती तुमच्या हाताने उघडली जाते. तेव्हा घरातला पोलीस जागा असतो, म्हणून दुसरी सूचना, अँटिव्हायरस बंद ठेवा. ताई, दारावर आलेला माणूस म्हणाला, 'मावशी, मी आत येईपर्यंत वॉचमनला जरा चहाला पाठवा,' तर तुम्ही पाठवला असता का? वर्गातल्या पोरांना तुम्ही इतकी वर्षं 'नीट वाचा' म्हणून ओरडला असाल. इथे चोराने चक्क लिहून दिलं होतं.

तिसरी चूक ती पहिली लिंक. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते पुष्कळदा जाहिरात असते. तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. मोफत आणि लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावाने हुबेहूब साइट उभी करायची, पैसे भरून ती वर आणायची, हा धंदा जोरात चालतो. आपल्याकडे तर एक विचित्र वर्ष येऊन गेलं. २०२२ मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरची मूळ साइट भारतात बरेच महिने बंद केलेली होती, नोव्हेंबरमध्ये उघडली. प्लेयर बेकायदा नव्हता, मूळ दुकानाचं शटर तेवढं ओढलेलं होतं. तेव्हा कित्येकांनी तो जिथे मिळेल तिथून घेतला, आणि 'जिथे मिळेल तिथून' ही सवय शटर उघडल्यावरही राहिली. कुणाच्या घरी मी कॉम्प्युटर बघायला गेलो की डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एकाच सॉफ्टवेअरचे चार इन्स्टॉलर चार साइटींचे दिसतात. त्यातला मूळ कुठला ते घरच्यांना सांगता येत नाही.

हल्ली याच जातीचा आणखी एक प्रकार आलाय. साइट म्हणते, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. यात तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांची आज्ञा कॉम्प्युटरला देता. खरी साइट हे कधीही सांगत नाही.

तुम्हाला हसायचा मला हक्क नाही म्हणा. १९९९ साली मी लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवरून ५० रुपयांना एक सीडी आणली होती, तीस सॉफ्टवेअरं एकात. तेव्हा नवीन म्हणजे जे सीडीवर मिळतं ते. बहिणीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी मी मोठ्या रुबाबात कॉम्प्युटरवर केली होती. २६ एप्रिलला, सोमवारी सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरला आणि पडदा काळा. सीआयएच नावाचा तो व्हायरस, तैवानच्या एका विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला. आत शिरून गुपचूप बसायचा आणि २६ एप्रिलला डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा. काही मदरबोर्डांवरची बायोसची चिपही खराब करायचा, मग मशीन सुरूच होत नसे. त्यातलंच माझं एक. यादी आईने पुन्हा हाताने लिहिली, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात 'याद्या कॉम्प्युटरवर करू नका रे' हे वाक्य मला ऐकावं लागलं. ती सीडी नवीन होती म्हणून नव्हे, कुणाची होती ते मी विचारलं नाही म्हणून घात झाला. नवं आणि परकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलगा तुम्हाला रागावतो तेव्हा त्या दोन्हींची मोट एकत्र बांधतो.

आता त्याची बाजू घेतो, नाहीतर म्हणाल दादा आपलेच. मूळ साइटवरून घेतलेलं नवीनही कधी कधी चावतं.

सीक्लीनर हे कॉम्प्युटर 'साफ' करणारं सॉफ्टवेअर तुम्ही नक्की टाकलेलं असणार. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याचं ५.३३ हे व्हर्जन कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, कंपनीच्या सहीनिशी आलं, आणि त्याच्या पोटात चोर बसलेला होता. महिनाभर कुणाला कळलं नाही, सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ते गेलं. त्याच वर्षी २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला, आणि त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत आला. तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ज्यांनी अपडेट केलं त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

शिवाय चोर नसला तरी चूक असते. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट २ तारखेला आलं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फाइलीच गायब झाल्या. कुणाच्या? ज्यांनी आपण होऊन 'अपडेट आलंय का बघू' हे बटण दाबलं त्यांच्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या. जे ढिम्म बसले होते त्यांना नोव्हेंबरात दुरुस्त केलेलं मिळालं.

पण याच नाण्याची एक बाजू मला फार आवडते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक प्रोग्रॅमर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका मोफत प्रणालीच्या, कच्च्या, अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीवर चाचण्या करत होता. त्याला दिसलं की दूरच्या मशीनमध्ये लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. याने खोदलं, आणि एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या छोट्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. पक्क्या आवृत्त्यांपर्यंत ते अजून पोहोचलं नव्हतं. जे नव्याच्या मागे धावत होते त्यांच्याच मशीनमध्ये ते आलं होतं, आणि त्यातल्याच एका उचापतखोराने जगाचे सर्व्हर वाचवले. त्यामुळे मुलाला माझ्याकडून सांगा, सगळ्यांनी 'जुनं चालतंय ना' म्हटलं असतं तर ते दार आज पक्क्या आवृत्त्यांतही असतं.

फक्त फ्रॉइंडच्या त्या मशीनवर सोसायटीचा हिशेब नसणार, हे मी छातीठोक सांगतो.

तुमचं खरं दुखणं तेच आहे, ताई. हौस आणि घर एकाच टेबलावर आहे. चाळीतल्या एका खोलीतही आपण चपला आणि देव वेगळे ठेवतो. कॉम्प्युटरमध्ये ती वेगळी जागा करता येते, आणि तुमच्याकडे तर ती माळ्यावर धूळ खात पडलीय.

तो लॅपटॉप खाली काढा. तो कोरा करून विंडोज नव्याने टाका आणि त्यावर तुमचं काहीच ठेवू नका. बँक नाही, रोजचा मेल नाही, व्हॉट्सॲप वेब नाही, घरचे फोटो नाहीत. डाउनलोडपुरता मेल लागतो, त्यासाठी एक वेगळा पत्ता उघडा. सात-आठ वर्षांहून जुना असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढणार नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेच्या मशीनसाठी मी यावर नाक मुरडलं असतं, खेळायच्या मशीनला चालून जाईल. लिनक्स मिंट टाकलंत तर आणखी मजा, ४ जीबी रॅममध्ये सुखाने चालतं आणि त्या दुनियेत दर आठवड्याला काहीतरी नवीन निघतच असतं. एक करा, वायफायच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, लॅपटॉप त्यावर जोडा. म्हणजे तो बिघडला तरी शेजारच्या टेबलावरच्या मशीनकडे त्याला सहज हात घालता येणार नाही. घरातला पेनड्राइव्ह मात्र दोन्हीकडे फिरवायचा नाही. मुलाने कितीही गेस्ट नेटवर्क करून दिलं तरी आपण खिशातून रोग नेतोच.

लॅपटॉप मेलेलाच निघाला तर दुसरा मार्ग आहे, कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. विंडोजच्या प्रो आवृत्तीत सँडबॉक्स नावाची सोय असते. ती खिडकी उघडायची, आत हवा तो गोंधळ घालायचा, बंद केली की सगळं पुसलं जातं. पण घरगुती मशीनवर बहुधा होम आवृत्ती असते, तिच्यात ही सोय नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स घ्या, मोफत आहे. १६ जीबी रॅम असेल तर आरामात चालतं, ८ मध्ये कुंथतं. आत घालायला मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती देतं. सगळं बसवून झालं की स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या मशीनची त्या क्षणाची प्रत, घ्यायचा. एखादं सॉफ्टवेअर टाकलं, बिनसलं, की दोन क्लिकमध्ये मागच्या स्नॅपशॉटवर. मला व्यसन लागलंय याचं. फक्त आतल्या आणि बाहेरच्या मशीनमध्ये सामायिक फोल्डर आणि सामायिक क्लिपबोर्ड चालू करू नका, आणि आत जाऊन स्वतःच्या खऱ्या मेलला लॉगिन करू नका. ते केलंत तर भिंत बांधून तिला दार ठेवल्यासारखं होईल. अजून एक गोष्ट, आतल्या मशीनवर दोन दिवस नीट चाललं म्हणून ते स्वच्छ, असा अर्थ काढायचा नाही. आपण खोट्या मशीनमध्ये आहोत हे काही मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअरं, ओळखतात आणि साधूसारखे बसून राहतात.

नुसतं विंडोजमध्ये दुसऱ्या नावाचं खातं काढून भागेल का, असं पुष्कळ जण विचारतात. रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं खातं ठेवणं चांगलंच आहे, तुमच्या मिस्टरांना तेच द्या. पण बहुतेक सॉफ्टवेअरं टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो दिलात की पाहुणा सगळ्या घराचा मालक.

एखादी फाइल संशयाची वाटली तर व्हायरसटोटलवर चढवून बघा. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एका फाइलकडे बघून आपापलं मत देतात. तीस जण लाल म्हणाले तर विषय संपला. सगळे हिरवे म्हणाले तर विषय संपत नाही, कारण आज सकाळी बनवलेला चोर दुपारपर्यंत कुणाच्या वहीत नसतो. ६५० एमबीच्या वरची फाइल तिथे घेत नाहीत, आणि चोरांना ते ठाऊक आहे. फोटो उजळायचं सॉफ्टवेअर ९०० एमबीचं आणि आत नुसती शून्यं भरलेली, असंही करतात. सोसायटीची कागदपत्रं मात्र तिथे चढवू नका, चढवलेलं इतरांना बघता येऊ शकतं.

अँटिव्हायरस विकत घ्यायचा का? नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच येतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. तुमच्या बाबतीत तो हरला नाही, त्याला तुम्ही चहाला पाठवलंत. पैसेवाल्यालाही तसंच पाठवलं असतंत. मिस्टरांच्या मनाला बरं वाटणार असेल तर आपल्या पुण्याच्या क्विक हीलसारखं काही घ्या, बिघडणार नाही, पण एका मशीनवर एकच. आणि लॅपटॉपबरोबर आलेलं, मुदत संपून रोज 'पैसे भरा' म्हणणारं एखादं असेल तर ते आधी काढून टाका. असल्यांमुळे कधी कधी डिफेंडर बाजूला उभा असतो आणि पहारा कुणाचाच नसतो.

त्या पैशात बाहेरची हार्ड डिस्क घ्या. दर रविवारी मिस्टरांचा हिशेब आणि पुनर्विकासाची कागदपत्रं त्यावर उतरवायची आणि डिस्क काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीवाला व्हायरस आला तर तो तिलाही कुलूप लावतो. डिफेंडरच्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाची सोय आहे, मुळात बंद असते, ती हिशेबाच्या फोल्डरसाठी चालू करा. अनोळखी सॉफ्टवेअरला त्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. कधी ओळखीच्यालाही देत नाही, तेव्हा चिडचिड होईल.

मुलाचा दुसरा सल्ला, अपडेटच करू नकोस, हा मात्र घातक आहे, आणि आयटीतल्या माणसाने तो द्यावा याचं मला आश्चर्य वाटतं. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सोय यांत फरक आहे. विंडोजच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे त्या दिवशी रात्री उशिरा, म्हणजे बुधवारी सकाळी चहाबरोबर मशीन सुरू करून त्या घेऊन टाकायच्या. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीवाल्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याची दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडलेली होती. 'जुनं चालतंय ना' म्हणणारेच तेव्हा सापडले. झिपसारख्या फाइली उघडणाऱ्या विनरारचं बघा, ते आपण होऊन अपडेट होत नाही. २०२५ मध्ये त्यात एक भगदाड सापडलं, ७.१३ मध्ये ते बुजवलं, आणि मी बघतो त्या मशीनवर अजून पाच-सहा वर्षांपूर्वीचंच आहे. तुमच्यावर पण असणार. विंडोजची वार्षिक मोठी आवृत्ती आली तर मात्र घरच्या मशीनवर दीड-दोन महिने थांबा. माळ्यावरच्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी.

आणि तुम्ही मराठीच्या शिक्षिका, म्हणून एक काम सुचवतो. बीटा म्हणजे प्रसिद्ध होण्याआधीची चाचणीची आवृत्ती. फायरफॉक्स ब्राउझरची बीटावर बेतलेली डेव्हलपर एडिशन नेहमीच्या फायरफॉक्सच्या शेजारी बसते, दोघांची खाती वेगळी राहतात. लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या वर्षातून दोनदा येतात, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. त्याआधीची बीटाही मूळच्याला धक्का न लावता शेजारी बसते. आरसी म्हणतात ती शेवटच्या चाचणीची आवृत्ती मात्र मूळच्याच्या जागी बसते, तेवढं बघून घ्या. तिथे 'दऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' लिहून बघा. अर्धा र नीट येतो का, ओळ मोडताना जोडाक्षर फुटतं का, पीडीएफ केल्यावर त्यातून मराठी शोधता येतं का. चुकलेलं दिसलं की पडद्याचा फोटो काढून त्यांच्याकडे तक्रार नोंदवा. इंग्रजीत बीटा तपासणारे पायलीला पन्नास आहेत. सुऱ्याचा र नीट आलाय का हे बघायला तुमच्याइतका डोळा कुणाकडे असेल?

आईचे फोटो उजळायला गिंप वापरा. मोफत आहे, चोरीचं नाही, त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. पहिले चार दिवस शिव्या द्याल.

लॅपटॉप माळ्यावरून काढलात की चार्जर लावायच्या आधी तो टेबलावर सपाट ठेवून बघा. खालचं झाकण फुगलंय का, टचपॅड वर आलाय का, ठेवल्यावर डुगडुगतो का. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, तिला वीज लावायची नाही आणि टोचून बघायचं नाही. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात.